तोल सांभाळणारा कान

आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका शरीरशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होत्या. कानात आहेत म्हणजे ऐकण्यासाठीच असणार, असं सगळे धरून चालले होते. १८२० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर फ्लूरान्स यांनी कबुतरांच्या या नलिका कापल्या. पक्ष्यांना ऐकू येतच राहिलं. मात्र कापलेली नलिका आडवी असेल तर आडवे, उभी असेल तर उभे हिसके त्यांची मान देऊ लागली. याचा नीट अर्थ लागायला अर्धं शतक गेलं. १८७३ ते १८७५ दरम्यान माख, ब्रॉयर आणि क्रम ब्राउन हे तिघं शास्त्रज्ञ आपापल्या वाटेनं एकाच उत्तरापाशी पोचले: डोकं वळलं की नलिकांतला द्रव क्षणभर मागे राहतो आणि त्यावरून मेंदूला वळण कळतं. गिरक्या घेणारं मूल थांबतं तेव्हा द्रव अजून थांबलेला नसतो. म्हणून जग फिरत राहतं, आणि मूल खिदळतं.

१८८२ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी ५१९ कर्णबधिरांना गरागरा फिरवल्यावर चक्कर येते का, हे तपासलं. १८६ जणांना मुळीच येत नव्हती. ऐकणं आणि तोल शेजारी राहतात, त्यामुळे अनेकदा दोन्ही घरांना एकदम धक्का बसतो. बहिरं मूल उशिरा चालू लागलं, अंधारात धडपडलं, तर त्याला वेंधळं ठरवण्याआधी हे आठवावं.

कानात थंड किंवा गरम पाणी सोडून तोल तपासण्याची पद्धत कानांचे डॉक्टर रॉबर्ट बाराणी यांनी बसवली. १९१४ चं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

मुलांच्या हालचालींकडे या नजरेनं पाहणं रुजवलं ते अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या, जीन एअर्स यांनी. स्पर्श, तोल आणि स्नायूंची जाणीव यांची मेंदूत नीट सांगड बसली नाही तर शिकणंही अडखळतं, अशी त्यांची मांडणी. १९७२ मध्ये ती पुस्तकरूपात आली. झोपाळे आणि चाकांच्या फळ्या थेरपीच्या खोलीत शिरल्या त्या यामुळे. झोक्यानं वाचन सुधारतं, इथपर्यंत मात्र मला जाववत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१२ मध्ये अशा थेरपीचा पुरावा तोकडा असल्याचं सांगितलं.

लहानग्यांचा तोल कानापेक्षा डोळ्यांवर अधिक विसंबतो. १९७४ मध्ये ली आणि अ‍ॅरनसन यांनी जमीन स्थिर ठेवून खोलीच्या भिंती सरकवल्या, तर नुकती उभी राहू लागलेली बाळं डगमगली, काही पडलीही. कानावर भरवसा टाकायला पुढं बरीच वर्षं जातात. जाणते थेरपिस्ट त्यामुळे मुलाला गरागरा फिरवत सुटत नाहीत. झोका किती आणि केव्हा, हे मुलावर सोडतात. चेहरा पांढरा पडला किंवा घाम फुटला की तिथंच थांबवतात.