स्टीमपंक

पेट्रोलचे इंजिन आणि ट्रान्झिस्टर कधी आलेच नाहीत, वाफेचे युग तसेच पुढे चालू राहिले, आणि तरीही माणूस आकाशात विहरू लागला व यंत्राकडून गणिते सोडवून घेऊ लागला, अशा कल्पनेवर रचलेल्या कथा, चित्रपट, वेशभूषा आणि हस्तकला यांना मिळून स्टीमपंक म्हणतात. पार्श्वभूमी बहुधा राणी व्हिक्टोरियाच्या काळातील (१८३७–१९०१) इंग्लंडची असते. वस्तू पितळेच्या, तांब्याच्या, चामड्याच्या आणि काचेच्या असतात. आजच्या मोबाइलचे पोट उघडले तरी तो कसा चालतो हे डोळ्यांना कळत नाही. इथे मात्र दट्ट्या मागेपुढे होतो, दातेरी चाक चाकाला फिरवते आणि कारण व कार्य दोन्ही समोर दिसतात. या प्रकाराची गोडी मुख्यतः या उघडेपणात आहे.

हे नाव अमेरिकन लेखक के. डब्ल्यू. जीटर यांनी १९८७ मध्ये विज्ञानकथांना वाहिलेल्या ‘लोकस’ मासिकाला लिहिलेल्या पत्रात सुचवले. त्या वेळी ‘सायबरपंक’चा, म्हणजे संगणकांनी व्यापलेल्या भविष्याच्या कथांचा, बोलबाला होता. आपण, टिम पॉवर्स आणि जेम्स ब्लेलॉक लिहीत असलेल्या व्हिक्टोरियन अद्भुतकथांनाही त्याच धर्तीवर काही नाव असावे, अशी ती अर्धी गंमत होती. पुढे विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग यांनी ‘द डिफरन्स इंजिन’ (१९९०) या कादंबरीत एकोणिसाव्या शतकातील इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजची गणनयंत्रे त्याच्या हयातीतच यशस्वी झाली असती तर काय झाले असते, याचा विचार केला. योगायोग असा, की पुढच्याच वर्षी लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने बॅबेजच्या मूळ आराखड्यांवरून त्याचे दुसरे डिफरन्स इंजिन, म्हणजे दातेरी चाकांचे गणनयंत्र, उभारले, आणि ते खरोखर चालले.

या परंपरेचा मूळपुरुष मानला जातो तो फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न. भा. रा. भागवतांच्या अनुवादांमुळे तो मराठी वाचकाला परका नाही. त्याच्या कादंबऱ्यांतील पाणबुडीचा कप्तान निमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार असल्याचा उलगडा ‘द मिस्टीरियस आयलंड’मध्ये होतो. १८८० च्या ‘द स्टीम हाउस’ या कादंबरीत तर वाफेवर चालणारा पोलादी हत्ती चाकांवरची दोन घरे ओढत उत्तर हिंदुस्थानातून प्रवास करतो. ही कथा सुरू होते औरंगाबादेत, १८६७ साली, नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर करणाऱ्या सरकारी पत्रकापासून. व्हर्नचे नानासाहेब इतिहासातले कमी आणि युरोपीय भयकल्पनेतले अधिक आहेत. स्टीमपंकची एक उणीव इथेच दिसते : पितळेची झळाळी रंगवताना ज्या वसाहतींच्या कापसावर आणि कष्टांवर ते युग उभे होते, त्या बऱ्याच लेखनात पडद्याआडच राहतात.

चित्रपटांत या शैलीला रूप मिळाले ते नाव मिळण्याच्या कितीतरी आधी. व्हर्नच्या कादंबरीवरील डिस्नेच्या १९५४ च्या चित्रपटातील निमोची ‘नॉटिलस’ पाणबुडी रिव्हेट ठोकलेल्या लोखंडी जलचरासारखी दिसते. व्हर्नची मूळ पाणबुडी गुळगुळीत, चिरूटाच्या आकाराची आणि विजेवर चालणारी आहे. तरीही लोकांच्या मनात राहिली ती रिव्हेटवालीच. चेक दिग्दर्शक कारेल झेमान यांनी १९५८ मध्ये याहून धाडसी प्रयोग केला. जुन्या पुस्तकांतील कोरीव चित्रांच्या बारीक समांतर रेषा त्यांनी नेपथ्यावर रंगवल्या आणि त्यात जिवंत नट वावरू दिले, त्यामुळे पुस्तकाचे पानच हलू लागल्याचा भास होतो. जपानी ॲनिमेशनमध्ये हायाओ मियाझाकी यांचा ‘कॅसल इन द स्काय’ (१९८६) आणि कात्सुहिरो ओतोमो यांचा ‘स्टीमबॉय’ (२००४) हे ठळक टप्पे आहेत.

वाचक-प्रेक्षक स्वतः पात्र होतो तो उत्सवांत. इंग्लंडमधील लिंकन येथे २००९ पासून भरणाऱ्या महोत्सवाला ‘असायलम’ हे नाव तिथल्या जुन्या मनोरुग्णालयाच्या वास्तूवरून पडले. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ओमारू या बंदरगावात तर सगळे गावच रंगमंच होते. धान्य आणि लोकरीच्या व्यापारात बांधलेल्या पांढऱ्या चुनखडीच्या वखारी बंदर मागे पडल्यावर तशाच उभ्या होत्या. त्यांतल्याच १८८३ च्या एका धान्यकोठारात २०११ मध्ये ‘स्टीमपंक एचक्यू’ हे संग्रहालय उघडले. दाराबाहेरच्या इंजिनात नाणे टाकले की ते धूर आणि ज्वाळा ओकते.

इथली किटल्यांची शर्यत पाहण्यासारखी असते. दूरनियंत्रित खेळण्यातील गाडीवर चहाची किटली बसवून ती अडथळ्यांतून न्यायची. गाडी कितीही सजवा, किटली ओळखू आली पाहिजे. चहाचे द्वंद्व त्याहून सोपे आणि त्याहून गंभीर चेहऱ्याने खेळले जाते. दोघांनी एकाच वेळी बिस्किट गरम चहात बुडवायचे, पाच अंक मोजून वर काढायचे आणि हातात धरून थांबायचे. ज्याचे मऊ झालेले बिस्किट गळून पडेल तो हरला, आणि न सांडता शेवटी तोंडात टाकेल तो जिंकला. चहात बिस्किट बुडवणाऱ्या कोणालाही यातली धाकधूक समजावून सांगावी लागत नाही.

व्हर्नच्या जन्मगावी, फ्रान्समधील नांत येथे, बंद पडलेल्या जहाजगोदीच्या जागेवर २००७ पासून लाकूड आणि पोलादाचा १२ मीटर उंच हत्ती सुमारे ५० प्रवाशांना पाठीवर आणि पोटात घेऊन सावकाश फिरतो. त्याच्या पायांचे सांधे आणि पिस्टन उघडेच ठेवलेले आहेत. सोंडेतून तो बघ्यांवर पाण्याचे फवारे उडवतो. वाफेचे इंजिन मात्र त्याच्यात नाही.