मूळ म्हणजे पाणाड्या नव्हे

सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरात सरकारने कोनोकार्पस हे झाड लावायला बंदी घातली. कारणांमध्ये सर्दी-खोकला आणि दमा होता, तसंच मुळं खोल जाऊन पसरतात आणि टेलिफोनच्या केबली, ड्रेनेज व पिण्याच्या पाण्याच्या लाइनी बिघडवतात, हेही होतं. तेव्हापासून बडोद्यात कुठेही चेंबर तुंबलं की पहिलं बोट झाडाकडे जातं. मग ते कोनोकार्पस असो, आसोपालव असो, की कुंपणालगतचा बिचारा कडुलिंब.

कोनोकार्पसची वकिली मला करायची नाही. आपल्या अर्जुन-हिरड्याच्याच कुळातलं असलं तरी हे झाड इथलं नाही, आणि दुभाजकांवर त्याच्या रांगाच्या रांगा लावायची काहीच गरज नव्हती. पण ‘मुळाला लांबून पाण्याचा वास लागतो आणि ते पाइप फोडून आत घुसतं’ हे जे सर्रास बोललं जातं, त्यातला वासही चूक आणि फोडणंही चूक.

तळहातावर नारळ उभा राहिला की खाली पाणी आहे, असं सांगणारे पाणाडे अजून बोअरवेलच्या आधी बोलावले जातात आणि पैसेही घेतात. नारळाला पाणी कळत नाही. मुळाला कळतं, पण फार जवळचं. टोकाच्या एका बाजूची माती दुसऱ्या बाजूपेक्षा ओली असेल तर मूळ ओल्या बाजूला वळतं. हा फरक त्याला स्वतःच्या अंगाला लागूनच जाणवावा लागतो. चार मीटरवरच्या बंद, कोरड्या, धड पाइपची त्याला गंधवार्ताही नसते. मुळं सगळीकडेच चाचपडत असतात. जिथे ओल सापडते तिथली फोफावतात, बाकीची वाळतात. पाइप झिरपत असेल तर भोवतालची माती ओली होते, आणि पाइप टाकताना खणलेल्या चरातली माती आधीच भुसभुशीत असते. एवढं पुरतं.

आता खरी गंमत. मुळाच्या टोकावर एक टोपी असते. तिच्यातून बुळबुळीत द्रव पाझरतो आणि मातीशी घर्षण कमी होतं. टोपीच्या मागे काही मिलिमीटरचा पट्टा असतो, तिथल्या पेशी पाणी भरून लांब होतात आणि टोकाला पुढे ढकलतात. हा जोर किती, ते जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर याने मुळं चक्क प्लास्टरमध्ये जखडून मोजलं आणि १८९३ मध्ये प्रसिद्ध केलं. ढोबळमानाने दर चौरस सेंटीमीटरला दहा किलोपर्यंत. आकडा मोठा वाटतो, पण अर्ध्या मिलिमीटरच्या टोकाचं क्षेत्रफळ काढून पाहा: एकूण रेटा वीस ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याने पीव्हीसीला भोक पडत नाही. फट मात्र सापडते.

फटीतून आत आल्यावर त्या एका धाग्याचं जटांचं जंजाळ कसं होतं, हे गेल्या काही वर्षांत उलगडलं. २०१४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ होजे डिनेनी यांच्या गटाने दाखवलं की मुळाची जी बाजू पाण्याला टेकलेली असते तिकडेच उपमुळं फुटतात. हवेकडची बाजू गुळगुळीत राहते. मग मूळ पूर्णपणे हवेच्या पोकळीतून जात असेल तर? तर मुळाला फांद्या, म्हणजे उपमुळं, फुटणं थांबतं. का, ते नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सांगितलं. एरवी पाणी बाहेरून आत जातं, आणि फांदी फोडायचा निरोप देणारं ऑक्झिन हे संप्रेरकही बाहेरच्या थरांतून आतल्या थरांकडे सरकतं. बाहेर पाणी नसलं की प्रवाह उलटतो: अन्नरस वाहणाऱ्या नलिकांमधलं पाणी बाहेरच्या थरांकडे येऊ लागतं आणि सोबत अॅबसिसिक आम्ल हे दुसरं संप्रेरक आणतं. हे आम्ल दोन पेशींमधल्या सूक्ष्म वाटा बुजवतं, ऑक्झिन अडकतं, फांदी थांबते. मूळ पुन्हा ओल्या जागी टेकलं की वाटा उघडतात. ना मेंदू, ना नाक, नुसती पाण्याची दिशा!

हे प्रयोग छोट्या रोपांवरचे आहेत. तरीही चेंबरचं झाकण उघडल्यावर जे दिसतं ते यातून कळतं. घरगुती ड्रेनेजचा पाइप बहुतेक वेळ अर्धाही भरलेला नसतो. वर दमट हवा, म्हणजे ऑक्सिजन; भिंतीला ओल; खाली नत्र-स्फुरदयुक्त पाणी. सांध्यातून आलेलं मूळ इथे टेकलं की त्याची झालर लोंबू लागते, तिच्यात तेलकट गाळ, केस आणि कागद अडकतात. कायम काठोकाठ भरलेल्या पाइपात मुळं सहसा माजत नाहीत, कारण तिथे श्वास घ्यायला हवा नसते. पुढे मूळ जाड होतं आणि मग फट रुंदावते. फोडतं म्हणतात ते हे, पण हा शेवटचा अंक.

मग पहिली फट कोणाची? आपलीच. जुन्या घरांत चिनी मातीचे, साठ सेंटीमीटरचे पाइप सिमेंटने जोडलेले असतात. बारा मीटरच्या लाइनीत असे एकोणीस सांधे. सहा मीटरच्या पीव्हीसी पाइपांनी तीच लाइन टाकली तर सांधा एक. त्यात शहराच्या बऱ्याच भागांत काळी माती: पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि ताठ सिमेंटचा सांधा दरवर्षी थोडा थोडा हलतो.

चेंबरच्या विटांतच पिंपळ किंवा वड उगवला असेल तर गोष्ट वेगळी. पक्ष्याच्या विष्ठेतून आलेलं ते बी असतं. रोप लहान असतानाच मुळासकट काढा. मुंजाची भीती बाळगलीत तर भिंत जाईल.

उपायांबद्दल थोडक्यात. सळई किंवा मशीनने मुळं कापली की पाणी वाहू लागतं, पण सांधा तसाच, म्हणून मुळं परत येतात, अनेकदा जास्त दाट. मोरचूद टाकल्याने त्याला लागलेली मुळं मरतात, हे खरं. पण सेप्टिक टँकमधले जिवाणूही मरू शकतात, आणि विषारी तांबं पुढे नाल्यावाटे विश्वामित्री नदीत जायचं, जिथे मासे आणि मगरी आहेत. आम्ल तर नकोच, ते सिमेंटच खातं. ‘एका रात्रीत मुळं गायब’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांवर आत काय आहे ते आधी वाचा. आणि साफसफाईसाठी चेंबरमध्ये माणूस उतरवू नका. तिथला हायड्रोजन सल्फाइड क्षणात बेशुद्ध करतो, आणि सुरक्षा साधनांशिवाय असं काम करवून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

झाडावर कुऱ्हाड चालवण्याआधी एक साधी तपासणी करा. दोन चेंबरमधल्या लाइनीचं खालचं तोंड घट्ट बंद करा, वरच्या चेंबरमध्ये पाइपाच्या वर येईल इतकं पाणी भरा, खूण करा आणि अर्धा तास घरातले नळ बंद ठेवा. पातळी उतरली तर लाइन गळते आहे. मग प्लंबरकडून कॅमेरा आत सोडून कुठला सांधा ते पाहा आणि तेवढाच तुकडा खणून पीव्हीसी टाका. वर फरशी किंवा रस्ता असेल तर रेझिनमध्ये भिजवलेली नळी आत सरकवून ती तिथेच कडक करण्याचीही पद्धत आहे. १९७१ मध्ये लंडनमध्ये एरिक वुड यांनी ती पहिल्यांदा वापरली. खर्च जास्त येतो, पण झाडही राहतं आणि फरशीही.