गंजावर गंज आणि पाण्यातला हायड्रोजन

ऐरोलीत खाडीकडे तोंड केलेलं घर घेतलं की खिडकीचं ग्रिल वरचेवर खरवडावं लागतं. यंदा रंगारी गंज घासून त्यावर रेडऑक्साइडचा हात मारत होता. बारावीतला भाचा बघत होता. म्हणाला, "मामा, रेडऑक्साइड म्हणजे पण लोखंडाचा गंजच ना?" चूक नव्हतं. त्या प्रायमरचा लाल रंग फेरिक ऑक्साइडचा. गंजाचा सख्खा भाऊ, फक्त कोरडा.

धातूचं ऑक्साइड झालं म्हणजे धातू वाया गेला, असं आपण धरून चालतो. निकेल आणि कोबाल्ट यांच्या बाबतीत मात्र खरी गंमत तिथूनच सुरू होते. निकेलचं ऑक्साइड अल्कलीच्या (म्हणजे कॉस्टिक सोड्यासारख्या) द्रावणात बुडवून थोडा व्होल्टेज दिला, तर पृष्ठभागावरचं निकेल एक इलेक्ट्रॉन देऊन 2 वरून 3 संयुजेवर जातं. जवळ ग्लुकोज असेल तर त्याच्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतं आणि पुन्हा 2 वर येतं. हा फेरा चालू राहतो आणि तारेतून वीज वाहते. ग्लुकोज जास्त, तर वीज जास्त. झाला सेन्सर.

घरच्या ग्लुकोमीटरच्या पट्टीवर हे काम एन्झाइम करतं. एन्झाइम नाजूक. दमट हवेत पट्ट्या बिघडतात, म्हणून डबीचं झाकण लगेच लावायला सांगतात. ऑक्साइडला दमटपणाचं काही नाही. अडचण वेगळीच आहे: निकेलला तीव्र अल्कली लागते आणि आपल्या रक्ताचा पीएच असतो 7.4 च्या आसपास, म्हणजे जेमतेम अल्कली. 'एन्झाइमविना मधुमेह तपासणी' अशा बातम्यांत हा तपशील सहसा गाळलेला असतो.

शिवाय बहुतेक ऑक्साइडं विजेची वाईट वाहक. म्हणजे कारकून चलाख, पण फाइल पुढे न्यायला शिपाईच नाही. म्हणून ऑक्साइडाचे बारीक कण ग्राफीनवर (कार्बनच्या अणूभर जाडीच्या पापुद्र्यावर) किंवा कार्बनच्या नळ्यांवर वाढवतात. कार्बन इलेक्ट्रॉन वाहून नेतो आणि कणांचा गोळाही होऊ देत नाही. अशा जोडीला संमिश्र म्हणतात. करायची एक रीत तर ओळखीची वाटेल: निकेलचा क्षार, युरिया, पाणी आणि ग्राफीन ऑक्साइड पोलादी डब्यात बंद करून काही तास साधारण 120 ते 180 अंशांवर ठेवायचं. जरा जास्तच कडक कुकर.

या संमिश्राचा इलेक्ट्रोड, म्हणजे द्रावणात बुडवून तारेला जोडलेली पट्टी, पाणी फोडायलाही चालतो, कारण तिथेही गाडी इलेक्ट्रॉन ओढण्यापाशीच अडते. पाण्याचे हायड्रोजन-ऑक्सिजन करायला हिशेबाने 1.23 व्होल्ट पुरेत, प्रत्यक्षात 1.8 ते 2 लागतात. त्यात मोठा दोष ऑक्सिजनच्या बाजूचा. ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला चार इलेक्ट्रॉन निघावे लागतात आणि हा व्यवहार रखडत होतो. अल्कलीत ही बाजू निकेल छान सांभाळतं, असं बरीच वर्षं मानलं गेलं. पुढे कळलं की श्रेयाचा मोठा वाटा द्रावणातून अशुद्धी म्हणून आलेल्या लोखंडाचा होता! 1987 मध्ये हे नीट दाखवलं गेलं. आता निकेलमध्ये लोखंड मुद्दाम घालतात.

या रखडण्याची किंमत विजेच्या बिलात दिसते. एक किलो हायड्रोजनला 9 लिटर पाणी आणि हिशेबाने 39 युनिट वीज लागते, पण कारखान्यात 50 ते 55 युनिट जातात. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेचं 2030 साठीचं लक्ष्य वर्षाला 50 लाख टन आहे. किलोमागे एकच युनिट वाचलं, तरी वर्षाला 500 कोटी युनिट वाचतील.

"मग ही एवढी खाडी आहे, तिचंच पाणी का नाही फोडत?" भाच्याचा पुढचा प्रश्न.

मिठामुळे. ऑक्सिजनला चार इलेक्ट्रॉन लागतात, क्लोरीनला दोनच. संधी मिळाली की क्लोराइड मध्ये घुसतं आणि ऑक्सिजनऐवजी पोहण्याच्या तलावाचा वास सुटतो. वर इलेक्ट्रोडही कुरतडला जातो. सेन्सरचीही इथे तीच गत. प्रयोगशाळेच्या स्वच्छ द्रावणात शिशाचा अंशही पकडणारा इलेक्ट्रोड खाडीच्या गढूळ पाण्यात घातला की त्यावर गाळाचा आणि सेंद्रिय द्रव्यांचा थर बसतो आणि आकडे घसरू लागतात. शोधनिबंधात स्वच्छ द्रावणातला आकडा दिसला की मी आधी खऱ्या पाण्याचा तक्ता शोधतो.

तोवर रंगाऱ्याने दुसरा हात मारायला घेतला होता. "हा वाळेपर्यंत खिडकी उघडू नका," म्हणाला. "खारी हवा लागली की पुन्हा फुगतं."