ड्रॉपरचा पेन आपल्याकडे का टिकला

साताऱ्या-सांगलीकडे जुन्या घराची आवराआवर निघाली की कपाटाच्या खणात दोन-चार शाईपेन निघतात. एखादा हिरो, क्वचित एखादा पार्कर, आणि बाकीचे जाडसर, काळे किंवा मातकट झालेले, आत ना रबरी नळी ना शाईचं तयार काडतूस. टोपण काढा, पुढचा भाग आट्यांवरून फिरवून वेगळा करा, ड्रॉपरने शाई सोडा, एवढाच त्यांचा कारभार. युरोप-अमेरिकेत ही पद्धत पहिल्या महायुद्धाच्या आसपास मागे पडू लागली. आपल्याकडे तसे पेन आजही बनतात. नव्याने संग्रह सुरू करणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा बहुधा हेच पडतात, त्यामुळे त्यांचा मागचा इतिहास ठाऊक असलेला बरा.

त्याआधीचं लेखन बोरूचं, म्हणजे छाटून केलेल्या काडीच्या लेखणीचं. सातारकर छत्रपतींच्या काळातली मोडी कागदपत्रं बोरूनेच लिहिलेली आहेत. आधी पानभर शिरोरेषा ओढायची आणि तिला लटकवत अक्षरं पळवायची. बोरूचं टोक तिरकं छाटलेलं असतं, म्हणून रेषा जाड-बारीक उमटते. शाई काजळ आणि डिंकाची, किंवा हिरडा-माजूफळाचा काढा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची. या दोन शायांमधला फरक पेनवाल्याने नीट समजून घ्यावा. काजळ पाण्यात विरघळत नाही, त्याचे कण नुसते तरंगत राहतात. डिंकासकट ते बारीक फटीत वाळले की पेन बसलाच. हिराकसाची शाई पूर्ण विरघळते आणि कागदावर हवेने काळी पडते, पण ती आम्लधर्मी असल्याने पोलाद खाते. जुन्या चांगल्या पेनांना सोन्याची निब असायची त्यामागे मिरवण्याइतकंच हेही कारण होतं.

पुढे टाक आला, म्हणजे दौतीत बुडवून लिहायची धातूच्या निबची लेखणी. सांगलीच्या हळदीच्या पेठेतल्या खतावण्या असोत की शाळेतल्या कित्त्याच्या वह्या, टाक-दौत आणि टीपकागद हा संच अनेक वर्षं चालला. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं तेव्हा शाईपेन सामान्य घराच्या आवाक्यातली वस्तू नव्हती. पुढे बाबासाहेब उत्तम पेनांचे शौकीन म्हणून ओळखले गेले, हे सातारकर संग्राहक आवर्जून सांगतात.

पोटात शाई असलेल्या पेनाचं पेटंट पेत्राके पोएनारू या रुमानियन विद्यार्थ्याने 1827 मध्ये पॅरिसला घेतलं होतं. अडचण शाई साठवण्याची नव्हतीच. जेवढी शाई खाली उतरेल तेवढी हवा वर गेली पाहिजे, नाहीतर पेन एकतर कोरडा पडतो किंवा भडकन ओकतो. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनने 1884 च्या पेटंटमध्ये यावर तोडगा काढला. निबच्या खालच्या जिभेत एक खाच आणि त्या खाचेच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा. शाई चिरांतून ओढली जाते, हवा खाचेतून वर सरकते. आज कुठलाही शाईपेन उघडा, तत्त्व हेच दिसेल. (करार करताना शाई सांडली म्हणून वॉटरमनने हा शोध लावला, ही गोष्ट मागाहून रचलेली दिसते.)

नंतरची पन्नास वर्षं कंपन्यांनी बहुतेक डोकं शाई भरण्याच्या सोयीवर चालवलं. शेफरने 1910 च्या दशकात बाजूची तरफ उचलून रबरी पिशवी दाबणारा पेन आणला, पेलिकनने 1929 मध्ये पिस्टनचा. 1941 चा पार्कर 51 तर निबच झाकून आला. बोटं माखायची बंद झाली, पण प्रत्येक सोयीबरोबर एक नाजूक भाग वाढला. रबरी पिशवी उष्णतेने आणि शाईने चिकट होते, मग ठिसूळ. पिस्टनचं सील झिजतं. सुटा भाग परदेशातून येणार, तोवर पेन पडून.

आपल्याकडचा धंदा उभा राहिला तो स्वदेशीच्या लाटेत. आंध्रातल्या राजमहेंद्रीला रत्नम यांचे पेन 1932 पासून तयार होऊ लागले. 1935 मध्ये गांधीजींनी पत्र लिहून त्यांना पसंती कळवली. मुंबईत दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये हॉर्स ब्रँड नावाने शाईची पूड आणि गोळ्या काढल्या. गोळी पाण्यात विरघळवायची आणि फडक्यातून गाळून दौतीत भरायची. पुढे याच घराण्याची कॅमल शाई महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत पोचली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि देशी पेनांना मैदान मोकळं मिळालं.

या कारखान्यांनी ड्रॉपरची पद्धत धरून ठेवली ती हिशोबाने. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. त्याची कांडी लेथवर धरली की टोपण, नळी, पुढचा भाग आणि जीभ, सगळं एका माणसाला कातता येतं. स्प्रिंग नको, पिशवी नको, बिघडण्यासारखं फारसं काही नाही. शिवाय नळीत दोन ते चार मिलीलिटर शाई मावते. आजच्या काडतुसात किंवा कन्व्हर्टरमध्ये (काडतुसाच्या जागी बसणारी, पुन्हा भरता येणारी नळी) जेमतेम अर्धा ते एक मिलीलिटर.

खोट मात्र एक आहे, आणि ती शाई अर्ध्याखाली गेली की दिसते. रिकाम्या जागेतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाईला पुढे ढकलते, म्हणून ओळीच्या मधेच टपोरा ठिपका पडतो. घाटात हेच आणखी वाढतं. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. पसरणी घाट चढून वर पोचेपर्यंत हवेचा दाब सुमारे 9 टक्के उतरतो. तीन मिलीलिटरचा पेन अर्धा भरलेला असेल तर आतली दीड मिलीलिटर हवा 0.15 मिलीलिटरने वाढते, म्हणजे तीन थेंब शाई टोपणात. खिसा वाचवायचा तर पेन निघताना काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामा करा, आणि वाटेत निब वर ठेवा. मग शाईऐवजी हवाच बाहेर पडते. एरवी एक तृतीयांश शाई उरली की भरून घ्यावी.

1945 मध्ये अमेरिकेत बॉलपेन विक्रीला आला आणि काही दशकांत इथेही स्वस्त झाला. अक्षर बिघडतं म्हणून गुरुजींनी तो बरीच वर्षं अडवून धरला. त्याच काळात शांघायचा हिरो पोरांच्या कंपासपेटीत शिरला. पार्कर 51 वरून बेतलेला, झाकलेल्या निबचा, पत्र्याच्या आवरणातली नळी चार-पाच वेळा दाबून भरायचा. एकेकाळी स्वस्तातला पेन, आता त्याच्याही जुन्या नगाला भाव येतो. आमच्या मते नवशिक्याने त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

जुन्या बाजारात पेन हातात आला की आधी अंगठ्याने जोरात घासून वास घ्या. गंधकाचा, जळक्या रबराचा वास आला तर एबोनाइट. कापरासारखा आला तर सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक. एबोनाइट उन्हाने आणि ओलाव्याने हिरवट-तपकिरी होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण तो पेन गरम पाण्यात बुडवू नका, रंग आणखी उतरतो. सेल्युलॉइड भराभर पेटतं, आणि बंद डबीत कोंडून ठेवलं तर खराब होतं. मग भिंगातून निब पाहा. दोन्ही पाकळ्या समपातळीत हव्यात, चीर टोकापर्यंत सरळ हवी आणि टोकाला कठीण धातूचा मणी हवा. निबवर इरिडियम (या मण्याच्या कठीण धातूचं नाव) कोरलेलं असतं आणि टोक नुसतं पत्रा दुमडून केलेलं असतं, असे नमुने पुष्कळ. नळीला उभा तडा असेल तर पेन तिथेच ठेवा.

घरी आणल्यावर पुढचा भाग साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. निब आणि जीभ रबरी कापडाने धरून दोन्ही एकत्र, सरळ ओढून काढा; पक्कड लावली की जीभ मोडलीच. परत बसवल्यावर निब आणि जीभ यांत फट दिसत असेल तर एबोनाइटची जीभ निबसकट कढत पाण्यात अर्धा मिनिट धरून अंगठ्याने हलकेच दाबावी, ती निबला चिकटून बसते. एवढाच भाग गरम करायचा. जीभ प्लास्टिकची असेल तर हा उपाय चालत नाही. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा. व्हॅसलिन नको, ते उन्हाळ्यात पातळ होऊन शाईत उतरतं.

शाई फाउंटन पेनची म्हणून विकली जाणारीच घ्या, आणि सुरुवातीला धुऊन निघणारी निळी. चित्रकलेची पक्की काळी शाई नको. बोरूला चालणारं काजळ इथे का चालत नाही ते वर आलंच आहे. शाई फुटत असेल तर पेनाला दोष देण्याआधी कागद बदला. पातळ वहीवर मध्यम निबही रुंद वाटते. तोच पेन 80 जीएसएमच्या (चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाच्या) गुळगुळीत कागदावर चालवून पाहा, आणि त्यानंतरच निब घासायची की नाही ते ठरवा.