डोंगरावर हॅम रेडिओ लावायचाय? आधी पत्ता ठरवा

मे महिन्यात गावाला गेलो की कोणी ना कोणी विचारतंच, तुमच्यासारखं डोंगरावर हॅम रेडिओ, म्हणजे हौसेखातर लांबच्यांशी बोलायचा रेडिओ, घेऊन बसायचं तर काय करावं लागतं, आणि निम्म्या जणांनी तोवर ऑनलाइन हँडसेट मागवलेला पण असतो. तर पहिलं हेच, सेट सगळ्यात शेवटी. लायसन्स नसताना तो नुसता जवळ ठेवणंही बेकायदा आहे, मी बटण दाबलंच नव्हतं हो हे कोणी ऐकत नाय.

सुरुवात परीक्षेपासून. ती एएसओसीची, म्हणजे हौशी रेडिओ स्टेशन चालवायच्या प्रमाणपत्राची, अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर. वय 12 पूर्ण पाहिजे. ग्रेड दोन, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल, पेपरात रेडिओची थिअरी आणि नियम हे दोन भाग, जनरलला वरून मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची भाषा, मिनिटाला 8 शब्द, पाठवायचे पण आणि घ्यायचे पण. माझं मत विचाराल तर आधी रिस्ट्रिक्टेड द्या, व्हीयू थ्रीने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवर सांगायची तुमची ओळख, मिळतो आणि 50 वॅटपर्यंत पॉवर, डोंगरावर तर 5 वॅटमध्ये मजेत काम होतं.

कागद काय फार नाहीत. फोटो, सही, जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, सगळं स्वच्छ स्कॅन करून. घोळ होतो तो पत्त्यात. आपण अर्धे चाकरमानी, आधार मुंबईच्या खोलीचं, घरपट्टी गावच्या घराची, दाखल्यावर आडनाव एक आणि आधारवर त्याचंच वेगळं स्पेलिंग. पास झाल्यावर लायसन्सचा अर्ज करता तेव्हा स्टेशन कुठे असणार तो पत्ता द्यावा लागतो आणि तोच लायसन्सवर छापून येतो. मी हौसेने गावचा पत्ता टाकला, पुरावा जोडला मुंबईचा, अर्ज परत. चूक माझीच. म्हणून जिथे वर्षभर राहता आणि जिथला पुरावा हातात आहे तोच पत्ता द्या, गाव कुठे पळून जात नाय. फी 20 वर्षांची 1000 आणि आजन्म 2000 रुपये, तरी भरताना पोर्टलवर दिसेल ती बघून घ्या. मग धीर धरा, महिनेही जातात.

आता डोंगर. लायसन्स पत्त्याला बांधलेलं, आणि आपल्याला जायचंय भलतीकडे, त्यामुळे दुसऱ्या जागेवरून आणि पोर्टेबल चालवण्याबद्दल तुमच्या लायसन्सच्या अटीत काय लिहिलंय ते वाचा, कळवायला सांगितलं असेल तर आधी कळवा. शिवाय जागेची परवानगी वेगळीच. कर्नाळा अभयारण्यात येतो, म्हणजे वनखातं. रायगड पुरातत्त्व खात्याचा, तिथे मास्ट, म्हणजे अँटेनाचा खांब, ठोकायचा विचारही नको. साधा सडा, म्हणजे कातळाचं पठार, असला तरी तो कोणाच्या ना कोणाच्या सातबाऱ्यावर असतोच, विचारून जा. पोलीस पाटलांना सांगून ठेवलं तर उत्तमच, किनाऱ्यावर उंच जागी वायर टाकून बोलत बसलेला माणूस बघून कोणालाही शंका येणार. मला एका आजोबांनी विचारलं, टावर बसवायला आलात काय, आमच्याकडे रेंज येत नाय बघा. लायसन्सची झेरॉक्स दाखवली, त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली, पत्ता पण, आणि म्हणाले एवढ्या लांबून फुकट बोलायला आलात?

समिट्स ऑन द एअरची हौस असेल (डोंगरमाथ्यावरून रेडिओ संपर्क करून पॉइंट मिळवायचा, 2002 ला ब्रिटनमध्ये सुरू झालेला खेळ) तर त्याचे नियम सरकारी नाहीत पण कडक आहेत, शेवटचा चढ पायी किंवा सायकलने, मोटारगाडीने नाही, सामान आपल्याच पाठीवर, गाडीच्या बॅटरीवर सेट चालवलेला चालत नाही, आणि पॉइंट हवे तर वरून किमान 4 संपर्क.

जांभ्या दगडात खुंटी जात नाही हे मी दोन खुंट्या वाकवून शिकलो. मास्टला तिन्ही बाजूंनी दोरी मारून चिऱ्यांना बांधायची. 40 मीटर बँडच्या (म्हणजे 40 मीटर लांबीच्या रेडिओ लहरींच्या) डायपोलला, म्हणजे वायरच्या साध्या अँटेनाला, साधारण 20 मीटर वायर लागते, मधोमध उंच, टोकं खाली. घराबाहेरून बोलताना कॉलसाइनमागे स्ट्रोक पोर्टेबल म्हणायचं, आणि लॉगबुक, म्हणजे कोणाशी कधी बोललो त्याची वही, त्याच वेळी लिहायचं, घरी जाऊन आठवून नाही, तपासायला मागू शकतात. आणि वळवाचे ढग सह्याद्रीवर काळे दिसायला लागले की समोरचा अर्ध्या वाक्यात असला तरी मास्ट खाली.