स्पेक आणि डिझाइन डॉक: ब्राउझर इंजिनात कोणती टेस्ट कुठं जाते

ओपन सोर्स ब्राउझर इंजिनात, म्हणजे वेब पेज वाचून स्क्रीनवर रंगवणाऱ्या ब्राउझरच्या गाभ्यात, नव्यानं कोड टाकायला लागलेली आपल्या नागपूरची पोरं, म्हणजे हिंगणा रोडवरच्या कॉलेजातली नाहीतर मिहान, परसोडीच्या आयटी पार्कात दिवसभर जॉब करून रात्री सर्वो नावाच्या इंजिनाचा रेपो (कोडचा साठा) उघडून बसणारी, एक गोष्ट हमखास विचारतात, की दादा स्पेकमध्ये (ब्राउझरनं काय केलं पाहिजे त्या नियमांच्या कागदात) तर सगळं लिहूनच आहे, मग हे डिझाइन डॉक (ते आतून कसं करायचं याचा कागद) कायले पाहिजे? आणि दुसरी पार्टी बरोबर उलटं विचारते, डिझाइन मेंटेनरनं, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यानं, ओके केलं ना, मग त्याच डॉकवरून टेस्ट लिहून टाकू? दोघांचा घोळ एकच आहे. दोन्ही लांबलचक कागद, दोन्हीत "असं झालं पाहिजे" टाइपची भाषा, म्हणून दोन्ही एकच वाटतात.

यात पोरांची चूक नाही. सर्व्हिस कंपनीत क्लायंटची रिक्वायरमेंट येते, त्यावरून आपण एचएलडी एलएलडी, म्हणजे वरवरचं आणि बारीक डिझाइन, बनवतो, सगळं एकाच फोल्डरमध्ये राहते आणि क्यूए म्हणजे टेस्टिंगवाली टीम तेच फोल्डर उघडून टेस्ट केसेस लिहिते. तिथं कागद कोणाचा आहे हा प्रश्नच येत नाही. ब्राउझर इंजिनात क्लायंट नाही. बहुतेक प्रोजेक्टमध्ये पॅच (कोडमधला बदल) पाठवणाऱ्यानंच टेस्ट लिहायची राहते, क्यूएकडे फेकून घरी जायची सोय नाही. आणि मेन म्हणजे स्पेक तुमच्या प्रोजेक्टचा नाहीच. एचटीएमएल आणि डॉमचा (पेजचा आतला ढाचा) स्पेक व्हॉटडब्ल्यूजी या मानकं ठरवणाऱ्या गटाकडे, पेजच्या दिसण्याच्या नियमांचा म्हणजे सीएसएसचा डब्ल्यूथ्रीसी या मानक संस्थेच्या सीएसएस वर्किंग ग्रुपकडे, आणि त्यावर ब्लिंक (क्रोमचं), गेको (फायरफॉक्सचं), वेबकिट (सफारीचं), सर्वो, लेडीबर्ड या सगळ्या इंजिनांचा सारखा हक्क. डिझाइन डॉक मात्र तुमच्या घरचं, उद्या फाडून दुसरं लिहिलं तरी दुसऱ्या इंजिनवाल्याला घेणंदेणं नाही.

तर फरक असा. वेब पेज लिहिणाऱ्याला जे दिसते, मोजता येते, जावास्क्रिप्टमधून विचारता येते, ते स्पेकचं. ते आतून कसं घडवलं, कोणता डेटा स्ट्रक्चर, किती थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), काय कॅश केलं (परत वापरायला साठवलं), ते डिझाइनचं. सीताबर्डीच्या मेट्रो इंटरचेंजला ऑरेंज लाइनवरून अॅक्वा लाइनवर जाता आलं पाहिजे एवढंच प्रवाशाला ठाऊक राहते, खालचा पिलर कसा टाकला हे इंजिनिअरनं पाहावं, तसंच हे.

याचं माझ्या मते सगळ्यात भारी उदाहरण फायरफॉक्सचं आहे. सर्वो हे मोझिलानं 2012 मध्ये सुरू केलेलं रस्टमधलं रिसर्च इंजिन, त्यातली सीएसएस स्टाइल काढायची सिस्टीम, जिला स्टायलो म्हणतात, ती नोव्हेंबर 2017 मध्ये फायरफॉक्स 57 मध्ये बसवली. जुनी सिस्टीम एका थ्रेडवर चालायची, नवी सगळ्या कोअरवर काम वाटून देते. म्हणजे डिझाइन अख्खं बदललं बाप्पा, भाषासुद्धा बदलली, पण सीएसएसच्या स्पेकमध्ये थ्रेडबद्दल एक शब्द नाही, त्यामुळे वेब पेजच्या बाजूनं पाहणाऱ्या टेस्ट आहे तशाच कामी आल्या. उलट त्याच टेस्ट होत्या म्हणून एवढी मोठी अदलाबदल करायची हिंमत झाली. त्या टेस्टमध्ये जुन्या सिस्टीमचे आतले तपशील घुसलेले असते तर प्रत्येक लाल, म्हणजे फेल झालेल्या, टेस्टवर भांडण झालं असतं, की हा खरा बग आहे का फक्त नवीन डिझाइन आहे म्हणून लाल दिसून राहिलं.

आता आपल्या भाषेतलं उदाहरण घेऊ, कारण तिथं हे दोन कागद लय जवळ येतात. समजा पॅराग्राफ "क्षण" या शब्दानं सुरू होते आणि पेजवाल्यानं सीएसएसमध्ये फर्स्ट-लेटर लावून पहिलं अक्षर मोठं केलं. मोठं काय झालं पाहिजे? नुसता हलंतवाला क, का पूर्ण क्ष? मराठी वाचणारा कोणीही सांगेल पूर्ण क्ष. स्पेक म्हणतो की टायपोग्राफिक युनिट, म्हणजे छापताना एक मानलं जाणारं अक्षर, घ्या, आणि त्याचा पाया युनिकोड या अक्षरांच्या मानकातल्या ग्राफीम क्लस्टरवर, म्हणजे वाचणाऱ्याला एकच अक्षर वाटणाऱ्या गटावर आहे. गंमत अशी की युनिकोडच्या जुन्या नियमानं क आणि हलंत एका क्लस्टरमध्ये आणि ष दुसऱ्यात पडायचा. 2023 मधल्या युनिकोड 15.1 मध्ये जीबी9सी नावाचा नियम आला आणि देवनागरी, बंगाली, गुजराती, तेलुगू, मल्याळम, ओडिया या लिप्यांचं जोडाक्षर मधून तोडायचं नाही असं ठरलं. सीएसएस टेक्स्टचा स्पेक तर त्याआधीपासून सांगून राहिला होता की देवनागरीसारख्या लिपीत एक युनिट म्हणजे अख्खं सिलॅबल असू शकते, त्यात एकापेक्षा जास्त क्लस्टर येऊ शकतात, आणि ब्राउझरला भाषेप्रमाणं हे अॅडजस्ट करायची मुभा आहे. वर फर्स्ट-लेटरमध्ये आधीचं अवतरण चिन्हसुद्धा धरायचं, म्हणजे शब्द अवतरणात असला तर चिन्ह आणि क्ष दोन्ही मोठे.

इथपर्यंतचं सगळं स्पेकचं. डिझाइनचे प्रश्न याच्या नंतर सुरू होतात. तो क्ष वेगळा करायचा कुठं? पेजच्या चौकोनांचं झाड म्हणजे बॉक्स ट्री बनवतानाच पहिल्या अक्षराचा वेगळा बॉक्स काढायचा, का एकच टेक्स्ट ठेवून ओळीत अक्षरं मांडताना, म्हणजे इनलाइन लेआउटच्या वेळी, "इथून इथपर्यंत वेगळी स्टाइल" असं धरायचं? अक्षरं जोडण्याचं काम हार्फबझसारखी शेपिंग लायब्ररी करते, क्रोम आणि फायरफॉक्स दोघंही तीच वापरतात, मग तिचं उत्तर शब्दाप्रमाणं कॅश करायचं का पूर्ण रनप्रमाणं (एकाच फॉन्ट-स्टाइलचा सलग मजकूर)? पहिलं अक्षर मोठं झालं तर बाकीच्या "ण"चं कॅश परत वापरता येईल का? स्पेक यावर चूप आहे, आणि चूपच राहिला पाहिजे.

मग टेस्ट. पूर्ण क्ष मोठा झाला का, याची टेस्ट रेफटेस्ट राहते. म्हणजे दोन पेजेस लिहायची, एकात फर्स्ट-लेटर, दुसऱ्यात साधा स्पॅन लावून तोच क्ष हातानं मोठा केलेला, दोघांचे स्क्रीनशॉट सारखे आले की पास. फॉन्ट कोणता, मशीन कोणती, याचा फार फरक पडत नाही कारण दोन्ही पेजेस त्याच मशीनवर त्याच फॉन्टनं रंगतात, कोणत्या तरी जुन्या पीएनजीशी तुलना नाही. पण यात एक भोक आहे जे नवीन लोकांना दिसत नाही. इंजिनचं शेपिंगच बिघडलं आणि सगळीकडे क आणि ष सुटे दिसायला लागले तर दोन्ही पेजेस सारखीच बिघडतील, आणि टेस्ट मजेत पास! म्हणून जोडाक्षर खरंच जुळते का, याची वेगळी टेस्ट पाहिजे, आणि ती उलटी लिहावी लागते, मिसमॅच प्रकारची. एका पेजवर साधा "क्ष", दुसऱ्यावर मध्ये झेडडब्ल्यूएनजे टाकलेला, म्हणजे ते न दिसणारं कॅरेक्टर जे जोडाक्षर तोडून हलंत दाखवते. ही दोन चित्रं वेगळी आलीच पाहिजेत, सारखी आली तर फेल. आणि इथं मात्र जोडाक्षर असलेला फॉन्ट टेस्टसोबतच द्यावा लागते, सीआयच्या, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या, मशीनवर देवनागरी फॉन्ट राहीलच असं धरून चालत नाही ना भाऊ.

या दोन्ही टेस्ट वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्समध्ये, म्हणजे सगळ्या इंजिनांच्या सामायिक डब्ल्यूपीटीमध्ये जातात. तिथं गेल्या की क्रोम, फायरफॉक्स, सफारी सगळ्यांवर चालतात आणि मराठीचा प्रश्न एका इंजिनपुरता राहत नाही, म्हणून मी तर म्हणतो आपल्या लोकांनी पहिला पॅच कोडचा पाठवण्याऐवजी असल्या टेस्टचा पाठवावा, रिव्ह्यूला सोपा जाते आणि भाषा येत असल्याचा तिथं खरंच फायदा होते. स्पेकनं जिथं मुभा दिली आहे तिथं टेस्टवर तसा शुड (असावं) किंवा मे (असू शकते) चा फ्लॅग लावायचा, नाहीतर दुसरा इंजिनवाला येऊन बरोबर विचारेल की हे कंपल्सरी कोणी केलं.

आणि डिझाइनच्या टेस्ट? कॅश खरंच वापरला गेला का, शेपिंग एकदाच बोलावलं का दहादा, हे पेजवाल्याला कुठूनही विचारता येत नाही. ते इंजिनच्या स्वतःच्या युनिट टेस्टमध्ये (कोडच्या एका तुकड्याची टेस्ट) नाहीतर वेग मोजणाऱ्या बेंचमार्कमध्ये. लेडीबर्डमध्ये तर लेआउट टेस्ट नावाचा वेगळा फोल्डरच आहे, त्यात पेजचा आतला लेआउट ट्री टेक्स्ट म्हणून छापतात, कोणता बॉक्स कुठं आणि केवढा, आणि ठेवलेल्या फाइलशी ताडून पाहतात. वेबकिटच्या लेआउटटेस्ट्समध्येही असे रेंडर ट्रीचे डंप आहेत, आणि प्लॅटफॉर्म बदलला की आकडे बदलतात म्हणून काही टेस्टच्या अपेक्षित फाइली मॅकच्या वेगळ्या, लिनक्सवरच्या जीटीकेच्या वेगळ्या. असल्या टेस्ट कामाच्या आहेत, स्क्रीनशॉटमध्ये न दिसणारी गडबड पकडतात. पण डिझाइन बदललं की शेकडो फाइली एकदम लाल होऊ शकतात, मग माणूस कंटाळून एक कमांड मारून सगळ्या नव्यानं छापून टाकते, आणि त्यातच दोनचार खरे बग "नवीन अपेक्षित उत्तर" म्हणून जाऊन बसतात. असा रीबेसलाइनचा, म्हणजे अपेक्षित फाइली नव्यानं छापण्याचा, पॅच रिव्ह्यू करताना मी तरी डोळे फाडून पाहतो.

एक मधली जागा आहे जिथं लोक घसरतात. जावास्क्रिप्टनं "क्षण"चं "मन" केलं तर जुना क्षवाला बॉक्स टाकून द्यायचा राहतो. पोरं म्हणतात हा इन्व्हॅलिडेशनचा, म्हणजे जुनं झालेलं टाकून न दिल्याचा, बग, आतल्या डिझाइनचा, म्हणून टेस्ट घरातच ठेवू. चूक. बग आतल्या डिझाइनमुळे आला पण दिसला पेजवर, आणि दुसऱ्या इंजिनातही तसाच होऊ शकते, म्हणून त्याची टेस्ट डब्ल्यूपीटीत. बग कशामुळे आला यावरून टेस्टची जागा ठरत नाही, तो कोणाला दिसते यावरून ठरते.

आता आधी काय लिहायचं? व्हॉटडब्ल्यूजीमध्ये स्पेकचा बदल मर्ज व्हायच्या आधी किमान दोन इंजिनवाल्यांचा इंटरेस्ट आणि सोबत टेस्ट मागतात. क्रोममागच्या ओपन सोर्स क्रोमियममध्ये आधी इंटेंट टू प्रोटोटाइप (करून पाहायचा इरादा), मग इंटेंट टू शिप (लोकांपर्यंत पाठवायचा इरादा), आणि शेवटी एपीआय ओनर्स या मंजुरी देणाऱ्यांपैकी तिघांचा एलजीटीएम, म्हणजे होकार, पाहिजे, त्यातही डब्ल्यूपीटी टेस्ट आहेत का हे विचारतात. पण स्पेकमध्ये एखादी गोष्ट अजून ठरलीच नसली तर? तर टेस्ट लिहायची, फक्त फाइलच्या नावात टेंटेटिव्ह टाकायचं, म्हणजे वाचणाऱ्याला कळते की हे अजून पक्कं नाही. टेस्ट लिहितानाच स्पेकमधलं भोक सापडते असं लय वेळा होते, दोन इंजिनं दोन उत्तरं देतात आणि दोघंही स्पेक दाखवून म्हणतात आम्ही बरोबर. अशा वेळी डिझाइन डॉकमध्ये "आम्ही असं धरलं" लिहून मोकळं होणं हा सगळ्यात वाईट मार्ग, कारण स्पेकचा प्रश्न तुमच्या घरात दबून राहते. इश्यू, म्हणजे प्रश्नाची नोंद, स्पेकच्या रेपोत टाका.

आणि उलटी घसरण म्हणजे डब्ल्यूपीटीच्या आकड्यावरून डिझाइनची लायकी ठरवणं. सर्वोत बराच काळ दोन लेआउट इंजिनं सोबत होती, लेआउट 2013 आणि लेआउट 2020. 2023 मध्ये टीमनं दोन्ही तपासून 2020 वालं पुढे न्यायचं ठरवलं, तेव्हा त्यात टेबलसुद्धा नव्हते बरं का, जुन्यात होते. नुसते फीचर मोजले असते तर जुनंच ठेवलं असतं. पण नव्याची रचना स्पेकच्या रचनेच्या जास्त जवळ होती, म्हणून राहिलेली कामं त्यात भरणं सोपं जाईल असा तो हिशोब होता, आणि असा हिशोब कोणत्याच टेस्टमध्ये दिसत नाही, तो डिझाइनवर बसून बोलूनच करावा लागते. डब्ल्यूपीटी मात्र दोघांवर चालवत राहिले, प्रत्येकाच्या अपेक्षित निकालांचा मेटा फोल्डर वेगळा.

त्या मेटा फोल्डरबद्दल एक सांगून ठेवतो, कारण पहिल्या पॅचला सगळे इथंच अडकतात. जी टेस्ट सर्वोत आज फेल होते तिच्या नावाची आयएनआय फाइल राहते आणि त्यात एक्स्पेक्टेड फेल लिहिलेलं राहते. हा स्पेकबद्दलचा कागद नाही आणि डिझाइनबद्दलचाही नाही, फक्त आजची परिस्थिती. तुम्ही फर्स्ट-लेटर नीट केलं, टेस्ट पास व्हायला लागली, आणि ती ओळ तशीच राहू दिली तर सीआय लाल होते, कारण पास होणं अपेक्षित नव्हतं. मग पोरगं रात्री अकराला मेसेज करते, दादा टेस्ट पास झाली तरी फेल काहून दाखवून राहिलं. फाइलमधली ती ओळ काढ आणि त्याच पॅचमध्ये टाक, एवढंच काम राहते.