क्लाऊनफिशचे उतारवयातील आजार

क्लाऊनफिश (ॲम्फिप्रायन प्रजाती) हा हिंदी व प्रशांत महासागरांच्या उष्ण पट्ट्यात समुद्रफुलांच्या (सी ॲनिमोनी या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांच्या) आसऱ्याने राहणारा प्रवाळखडकांवरील मासा. खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयांत तो सर्वत्र दिसतो. बोटभर लांबीच्या माशाच्या मानाने त्याचे आयुष्य फार मोठे असते. नीट सांभाळलेला क्लाऊनफिश टाकीत वीस वर्षांहून अधिक जगू शकतो, आणि समुद्रातील काही माद्यांचे आयुर्मान संशोधकांनी तीस वर्षांपर्यंत असावे असे अनुमानले आहे. समुद्रातून पकडलेल्या माशाचे वय मालकाला कळायला मार्ग नसतो. पैदास केंद्रात जन्मलेल्या माशाचे वय मात्र नेमके माहीत असते, आणि उतारवयातल्या निदानात ही माहिती फार कामी येते.

वाढत्या वयात मादी अंडी घालणे कमी करते किंवा थांबवते, डोळ्यात मोतीबिंदू होतो, कधी पाठीचा कणा वाकतो, जखम भरायला वेळ लागतो. हे सगळे बदल महिनोन्‌महिने सावकाश होतात. एका-दोन दिवसांत अन्न सुटणे, धाप लागल्यासारखे कल्ले हलणे, पर अंगालगत मिटून राहणे ही वयाची लक्षणे नव्हेत. ‘वय झाले म्हणून खात नाही’ हा निष्कर्ष बाकी सगळे तपासून झाल्यावरच काढावा. हा निष्कर्ष घाईने काढल्यामुळे बरे होऊ शकणारे मासे दगावतात.

तपासणीची सुरुवात पाण्यापासून होते. अमोनिया व नायट्राइट शून्य, खारटपणा दाखवणारे विशिष्ट गुरुत्व 1.025च्या आसपास, तापमान 25 ते 27 अंश सेल्सिअस, सामू (pH) 8.1 ते 8.4 असा मेळ हवा. मासा म्हातारा असेल तर बहुधा त्याची टाकीही जुनी असते. वाळूत गाळ साचलेला असतो, नायट्रेट चढलेले असते, पाण्याची आम्ल पेलण्याची क्षमता घटलेली असते. हा बदल इतका हळू होतो की मासा त्याला सरावल्यासारखा दिसतो. अशा वेळी घाबरून एकदम अर्धे पाणी बदलले तर तो धक्काच त्याला भारी पडतो. रोज थोडे थोडे पाणी बदलणे सुरक्षित. मुंबईसारख्या ठिकाणी एप्रिल-मे महिन्यांत चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) नसलेली टाकी सहज तिशीपलीकडे तापते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि झिजलेल्या कल्ल्यांच्या माशाला दगावायला तेवढी तूट पुरते.

पाणी ठीक असेल तर पुढचा प्रश्न : गेल्या महिनाभरात टाकीत नवे काय आले? वर्षानुवर्षे बंदिस्त असलेल्या टाकीत परजीवी आपोआप उपजत नाही. तो नव्या माशाबरोबर, प्रवाळाच्या तुकड्याबरोबर किंवा दुसऱ्या टाकीतल्या ओल्या जाळीबरोबर येतो. अंगावर रव्याएवढे सुटे पांढरे ठिपके दिसले तर क्रिप्टोकॅरियॉन या परजीवीचा, म्हणजे सागरी ‘इक’ रोगाचा संशय घ्यावा. अंगावर अतिबारीक भुकटी, जोराचा श्वास आणि प्रकाश टाळणे ही अमायलूडिनियम या परजीवीची खूण. हा रोग काही दिवसांत जीव घेतो. ब्रुकलिनेला हा परजीवी क्लाऊनफिशला विशेष ग्रासतो. त्यात अंगावर जाड बुळबुळीत थर चढून कातडी सोलवटते. काही गोष्टी मात्र आजारासारख्या दिसतात, पण आजार नसतात. नव्या समुद्रफुलात किंवा प्रवाळात शिरलेल्या माशाच्या अंगावर काळे डाग उमटतात व कालांतराने जातात. रात्री क्लाऊनफिश तिरका होऊन तरंगत झोपतो, ते पाहून नवखे मालक हादरतात.

एकाच डोळ्यावर सारा (पांढुरका पडदा) आला असेल तर बहुधा इजा. दोन्ही डोळ्यांवर असेल तर पाणी किंवा शरीरांतर्गत संसर्ग. खात असूनही पोट आत जाणे, पाठ धारदार दिसणे यामागे आतड्यातील परजीवी किंवा मायकोबॅक्टेरियम हा जिवाणू असू शकतो. खात्री हवी असेल तर पशुवैद्य माशाला सौम्य भूल देऊन परामागच्या कातडीचा हलका खरवडा काचपट्टीवर घेतो आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. मेलेल्या माशाचा उशिरा घेतलेला नमुना फसवा असतो, कारण परजीवी शरीर सोडून गेलेले असतात.

औषध शक्यतो वेगळ्या टाकीतच द्यावे. इकवर तांबे प्रभावी आहे. आयनरूप (पाण्यात मोकळ्या असलेल्या) तांब्याची मात्रा लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम, तीन ते सहा आठवडे. बद्ध स्वरूपातील (दुसऱ्या रसायनाशी जखडलेल्या) तांब्याची मात्रा याहून कितीतरी जास्त असते, म्हणून दोन्हींची गल्लत जीवघेणी ठरते. मुख्य टाकीत तांबे घातल्यास प्रवाळ, कोळंबी, समुद्रफुले मरतात आणि खडक ते शोषून धरतात. वृद्ध माशात ही मात्रा काही दिवसांत टप्प्याटप्प्याने चढवावी व रोज मोजावी, कारण तांब्याने भूक मंदावते आणि कल्ले व मूत्रपिंडांवर ताण येतो. ब्रुकलिनेलावर फॉर्मॅलिनचे (फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणाचे) स्नान देतात. ते पाण्यातला प्राणवायू खेचते, म्हणून हवेचा पंप जोरात चालू हवा. प्रतिजैविके खाद्यातून देणे उत्तम, पण त्यासाठी मासा खाता हवा. अन्न सुटायच्या आत निदान करण्याची निकड याचमुळे असते. दरम्यान परजीवी नष्ट होण्यासाठी मुख्य टाकी सुमारे अडीच महिने माशांविना ठेवतात.

जोडीपैकी एकालाच हलवण्यात वेगळा धोका आहे. क्लाऊनफिशमध्ये सर्वांत मोठा मासा मादी असतो, आणि ती नाहीशी झाल्यावर नर हळूहळू मादी बनू लागतो. मादी कित्येक आठवड्यांनी परतली की दोघांत मारामारी जुंपू शकते. परजीवीच्या उपचारात दोघांनाही एकत्रच हलवावे, कारण लागण बहुधा दोघांनाही झालेली असते.

मायकोबॅक्टेरियम मरिनम 1926 मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मृत माशांतून प्रथम वेगळा करण्यात आला. तो क्षयाच्या जंतूचा नातलग. माशात त्यावर खात्रीचा इलाज नाही, आणि हाताला जखम असेल तर माणसालाही त्याची त्वचेची लागण होते. संशय असताना हातमोज्यांशिवाय टाकीत हात घालू नये.

सुधारणेची आशा उरली नसेल तर पशुवैद्य भुलीच्या औषधाची जादा मात्रा देतात. लवंग तेलातील युजेनॉलही त्यासाठी वापरले जाते. कल्ले थांबल्यावरही मासा बराच वेळ त्याच पाण्यात राहू द्यावा लागतो. जिवंत मासा बर्फात ठेवणे किंवा शौचालयात सोडणे क्रूरपणाच आहे. मागे राहिलेल्या नराला जोडीदार द्यायचा असेल तर त्याच्याहून लहान, पैदास केंद्रातले पिल्लू निवडावे आणि महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवून मगच आत सोडावे.